सतरावरचं बोट

स्वानंदीचं बोट सतरा या आकड्यावर गेलं आणि तिचं तिलाच दचकायला झालं, कारण तिला तर काहीच झालं नव्हतं. पाय मजेत फिरत होते. सायकल जागच्या जागी, जमिनीला बोल्ट मारलेली, त्यामुळे जयपूरच्या मानसरोवर वस्तीतून निघालेल्या माणसाने कितीही पेडल मारले तरी तो याच खोलीत राहणार अशी. तोंडावर रबरी मास्क, मास्कमधून निघालेली नळी, नळीतून तिचा श्वास शेजारच्या मशीनमध्ये चाललेला, छातीवर चिकटवलेल्या वायरी, आणि समोर परीक्षितदादाने धरलेला तक्ता. सहापासून वीसपर्यंत एकाखाली एक आकडे आणि शेजारी हिंदीत शब्द, बहुत हल्का, हल्का, कुछ कठिन, कठिन. मास्क लावला की बोलता येत नाही, म्हणून दर मिनिटाला किती जड जातंय ते बोटाने दाखवायचं, एवढंच तिचं काम. बोट निघालं होतं अकराकडे. अगदी सरळ, प्रामाणिकपणे अकराकडे. आणि मध्येच, कुणी मनगटाला धरून ओढावं तसं, ते घसरत 'बहुत कठिन'पाशी जाऊन टेकलं. काचेच्या पलीकडे आई अर्धी उठली. आईचं अर्धं उठणं स्वानंदीला न बघता कळतं, पाठीला कळतं, मानेला कळतं. ते कळलं आणि तिचे पाय थांबले.

मास्क काढल्या काढल्या ती म्हणाली, "थकले."

परीक्षितदादा स्क्रीनकडे बघत होता. इचलकरंजीचा हा मुलगा जयपूरला येऊन व्यायामाच्या शरीरशास्त्रात पीएचडी करत होता. लहानपणी ज्यांच्या हृदयाची ऑपरेशनं झाली अशी मुलं मोठी झाल्यावर किती दमसासाची असतात आणि रीतसर व्यायाम दिला तर तो दमसास वाढतो का, हे त्याला शोधायचं होतं. हृदयाच्या डॉक्टर विजयालक्ष्मी, मूळच्या बेळगावच्या, त्याच्यासोबत होत्या. चाचणीच्या वेळी त्या कोपऱ्यात ईसीजीसमोर बसत आणि काहीच बोलत नसत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायचं.

"अगं, तू थकली नाहीयेस," परीक्षितदादा म्हणाला.

"मतलब?"

"हे बघ. ही रेघ तू आत घेतलेल्या ऑक्सिजनची. ही बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची. माणूस खरोखर दमायला आला की बाहेरची रेघ आतलीच्या वर चढते. ते लपवता येत नाही आणि वाढवून पण सांगता येत नाही. तुझ्या रेघा अजून भेटल्या पण नाहीत. तू होतीस कुठे, तर मैत्रिणीशी गप्पा मारत जिना चढणाऱ्या मुलीच्या जागेवर. आणि बोट सतरावर."

"मग दोघांत खरं कुणाचं?"

"मला काय विचारतेस? बोट तुझं, श्वास पण तुझाच."

तेवढ्यात आई नॅपकिन, पाण्याची बाटली आणि ग्लुकोजचा पुडा घेऊन आत आली होती. "झालं ना डॉक्टर? सतरा म्हणजे पुष्कळ झालं."

"मी डॉक्टर नाही काकू, पीएचडी करतोय अजून."

"तरी. मशीननेच सांगितलं ना आता, हिला झेपत नाही म्हणून."

"मशीनने नाही हो. बोटाने सांगितलं. मशीन वेगळंच म्हणतंय." मग त्याने आईला नीट समजावून सांगितलं की ही चाचणी धरता येणार नाही, पुढच्या आठवड्यात एकदा परत घेता येईल, आणि तेव्हाही अशीच अर्धवट राहिली तर स्वानंदीला या अभ्यासात घेता येणार नाही. आईने मान हलवली. आईला ते चालणार होतं. आई या सगळ्याला तयार झाली होती तीच मुळी यासाठी, की कुणीतरी मोजून, आकडा काढून सांगावं, या मुलीला पळवू नका. तो आकडा तिला मिळाला होता. सतरा.

मेट्रोत आईने तिच्यासाठी जागा मिळवली. मिळवली म्हणजे एका कॉलेजच्या मुलाला "भैया, जरा उठो, इसकी तबीयत ठीक नहीं" म्हणून उठवलं, आणि स्वानंदी, जी अकरावीत गेल्यापासून आख्ख्या वर्गासमोर सरांशी वाद घालते, जिने दिवाळीत केस कापून घेतले आणि आता आरशात स्वतःला आवडते, ती गुमान बसली. बसल्या बसल्या तिला 'थकले' हा शब्द आठवत राहिला, म्हणजे त्याची चव, तोंडातून बाहेर पडतानाचा त्याचा गुळगुळीतपणा, किती वर्षं चोखून चोखून गुळगुळीत झालेला. ऑपरेशन झालं तेव्हा ती चार वर्षांची होती. पुण्याच्या दवाखान्यातून परत येताना आईने शिकवलं होतं, थकलीस की सांगायचं हं बाळा, लगेच सांगायचं. तिने सांगितलं. आईच्या कपाळावरची आठी एकदम सुटली, आई म्हणाली, शहाणी गं माझी. चार वर्षांच्या मुलीला आणखी काय पाहिजे? तिने आणखी सांगितलं. बागेत सांगितलं, बाजारात सांगितलं, जिन्यात सांगितलं. पुढे पुढे ती थकायच्या आधीच सांगायला लागली, जसं हुशार मूल विचारायच्या आधीच उत्तर देतं, आणि मग थकण्याला स्वतः यायची गरजच उरली नाही, त्याचं नाव घेतलं की भागत होतं. शाळेच्या पीटीच्या तासाला ती कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून बाकीच्यांची घड्याळं आणि बाटल्या सांभाळायची. संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर चढून बेभान व्हायचं, तेव्हा ती मांजाची चरखी धरायची. चरखी धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता, इतकी पटाईत होती ती, पण कापलेल्या पतंगामागे धावताना पोट कसं हलतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मेट्रोच्या काचेत तिला तिचा चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्याला तिने विचारलं, काय गं, सोळा वर्षांची घोडी तू, थकणं म्हणजे नक्की काय हे तुला माहितेय का? चेहऱ्याला माहीत नव्हतं. तिला हसू यायला हवं होतं. आला तो राग, आणि रागाची गंमत अशी की तो आईवर आला नाही, बोटावर आला. तिने ते बोट मुठीत दाबून धरलं, उतरेपर्यंत.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल कायमचं ठेवलेलं होतं. ते आईने ठेवलं होतं. झाडूवाल्याला, दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना माहीत होतं, ते स्वानंदी का स्टूल. कुणी पाहुण्याने त्यावर पिशवी टेकवली तरी शेजारच्या आंटी ओरडायच्या, अरे वो बच्ची बैठती है. इथवर आलं की स्वानंदी म्हणायची थकले, बसायची, आई तिची बॅग घ्यायची, मग दोघी वर. त्या दिवशी ती स्टुलापाशी आली आणि पुढे गेली. नुसती गेली. काही ठरवलं नव्हतं, पण दोन पायऱ्या वर गेल्यावर तिला असं वाटलं की पाठीमागे काहीतरी मोठं, भांडं पडावं तसं, पडणार आहे.

"अगं, बस की."

"नको."

"दम घे जरा. आत्ता एवढी सायकल मारून आलीस."

"दम आहे आई. मी थकले नाहीये."

"असं कसं? मघाशी स्वतः म्हणालीस."

"मघाशी खोटं म्हणाले."

आई कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या खांद्याला स्वानंदीची बॅग, स्वतःची पर्स, हातात ती पाण्याची बाटली, आणि तिचाच श्वास असा फुललेला की बोलायच्या आधी तिला थांबावं लागत होतं. मग ती त्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत स्वानंदीने आईला त्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्टूल आईला लहान पडत होतं. वरून, दोन पायऱ्यांवरून, स्वानंदीला आईच्या भांगातले पांढरे केस दिसले, आणि आई एकदम कुणीतरी दुसरीच बाई, मंजुषा नावाची, सांगलीहून इथे आलेली, गुडघे दुखणारी, अशी दिसली.

"मास्क लावला होता ना त्याने," आई खाली बघत म्हणाली. "तुझे ओठ दिसत नव्हते मला."

ओठांचं स्वानंदीला माहीत होतं. ती साडेतीन वर्षांची असताना खातीपुऱ्याच्या स्टेशनवर मामाला आणायला गेले होते सगळे. गाडी येताना दिसली आणि ती प्लॅटफॉर्मवर पळत सुटली. थोडीशीच पळाली आणि मध्येच उकिडवी बसली, आई पोचली तेव्हा तिचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते, नखं पण. आईने तिला उचललं आणि त्या गर्दीत मामा कुठल्या डब्यातून उतरला, कुणी रिक्षा केली, आईला काही आठवत नाही, आठवतो फक्त तो रंग. त्या दिवसापासून आई बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघते. हे स्वानंदीने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते आठवतं असंच वाटायचं, पण खरं विचाराल तर तिला त्यातलं काहीच आठवत नाही. ना गाडी, ना पळणं, ना जांभळा रंग. आयुष्यात एकदाच पळाली आणि तेही तिच्या वाट्याला आलं नाही, ते आईकडेच राहिलं. तिच्याकडे आला तो आईचा वाकलेला चेहरा. तोच चेहरा काचेच्या पलीकडून आला होता आणि त्यानेच तिचं बोट सतरावर नेऊन ठेवलं होतं.

"ऑपरेशन झालं ना आई पण. बारा वर्षं झाली."

"झालं की."

"मग तू अजून त्या प्लॅटफॉर्मवरच का उभी आहेस?"

आईने पदराने मान पुसली, बाटलीतलं पाणी स्वतःच प्याली आणि उठली. "चल. वरण लावायचंय मला."

आठवडाभर घरात एक प्रकारची शांतता होती, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, बाबांचे ऑफिसचे कॉल चालायचे, पण स्वानंदी आणि आई एकमेकींशी मीठ-साखरेपुरतं बोलत होत्या. बाबा, म्हणजे देवेंद्र, या असल्या वेळी कानात इयरफोन घालून ठेवतात. एकदा जेवताना तिने त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "मला ऑफिसात एक बॉस आहे, घरी दोन आहेत. मला काही वाटत नाही." आई हसली नाही, मग तेही हसायचे थांबले. शाळेत पीटीच्या तासाला मैथिलीने सवयीने आपलं घड्याळ काढून स्वानंदीच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा स्वानंदीने ते उचलून तिच्या हातात परत दिलं. "अपनी घड़ी अपने पास रखो यार." "क्यूँ, क्या हुआ?" "कुछ नहीं. मैं काउंटर नहीं हूँ." पोरी आधी खिदळल्या, मग जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. ती पळायला मात्र उतरली नाही. कडुनिंबाखाली उभी राहिली, खुर्ची रिकामी ठेवून. तिला ते चोरून नको होतं. शाळेत मैदानावर पळून यायचं, घाम पुसायचा आणि घरी येऊन दुसऱ्या मजल्यावर थकले म्हणायचं, असं जगणाऱ्या मुली असतात, ती त्यांना नावं ठेवत नव्हती, पण तिला ते दोन दोन देह सांभाळणं जमलं नसतं. एक आईसाठी आणि एक स्वतःसाठी. एकच काय तो, आणि तो कुठपर्यंत जातो ते आईदेखत बघायचं.

म्हणून दुसऱ्या वेळी परीक्षितदादा जेव्हा हळूच म्हणाला, "काकूंना आपण खाली कँटीनला चहाला पाठवू, मग बघ तू कशी मारतेस," तेव्हा ती म्हणाली, "नको. आईने इथेच बसायचं. काचेच्या आत."

"अगं, नातेवाईक समोर असले की मुलं एकतर घाबरतात नाहीतर जास्तीचं ताणतात. आम्ही शक्यतो बाहेरच बसवतो."

"घरी काच नाहीये दादा. ती बाहेर असताना मी खरी वागले तर ते फक्त इथल्यापुरतं होईल. मग त्याचा मला काय उपयोग?"

तो डॉक्टर विजयालक्ष्मींकडे बघायला लागला. त्यांनी चष्म्यावरून एकदा मुलीकडे, एकदा आईकडे पाहिलं. "बसू दे. मंजुषाताई, या माझ्या शेजारी. पण बोलायचं नाही हं, हातवारे पण नाहीत. काही गडबड असेल तर ती मला तुमच्या आधी दिसेल, एवढा विश्वास ठेवा."

आई पर्स मांडीवर घेऊन बसली, परीक्षेच्या हॉलमधल्या मुलीसारखी.

पेडल फिरायला लागले. सुरुवातीला ते हलके असतात, हवेत पाय मारल्यासारखे, आणि मग दर मिनिटाला कुणीतरी मागून सायकल थोडी थोडी धरून ठेवायला लागतं. तक्ता समोर आला. नऊ. आईच्या भुवया वर गेल्या. पुन्हा तक्ता आला, आणि ही तीच जागा होती, मागच्या वेळची, तिने ओळखली, श्वास तोच, मांड्यांतली ऊब तीच, आणि बोट उचललं तर ते आपल्या जुन्या वाटेने निघालं. बोटाला सवय होती. शिवाय बोटाला हेही माहीत होतं की एवढं एक केलं की समोरच्या खुर्चीवरच्या बाईच्या कपाळावरची आठी सुटेल, ती म्हणेल शहाणी गं माझी, आणि सगळे घरी जातील. प्रेम करायची तिची हीच तर पद्धत होती, दुसरी कुठे शिकली होती ती? तरी तिने बोट अकरावर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दाबलं, इतकं की नख पांढरं पडलं, आणि ते करताना ती तक्त्याकडे बघत नव्हती, सरळ आईकडे बघत होती. हे घे. हे अकरा. हलकं आहे मला. आईने आधी तिच्याकडे आणि मग त्या नखाकडे पाहिलं, आणि बोट उचलल्यावर नखात परत गुलाबी रंग भरताना पाहिला.

मग तेरा आले, आपल्या पायांनी. मग पंधरा. आणि पंधरानंतर कधीतरी ते आलं. ज्याचं नाव तिने हजारदा घेतलं होतं ते स्वतः आलं, आणि ते तिच्या कल्पनेपेक्षा अगदीच वेगळं निघालं, त्यात मऊ असं काही नव्हतं, कुणाच्या कुशीत शिरावंसं वाटणारं काही नव्हतं. मांड्यांत तिखट ओतल्यासारखं झालं. कानात मेट्रो शिरली. जिभेवर लोखंडाची चव, मास्कमध्ये लाळ आणि घाम, छातीवरच्या जुन्या व्रणावरून एक घामाची रेघ वाट काढत खाली चाललेली, आणि श्वास, जो आजपर्यंत तिचा तिला ऐकू आला नव्हता, तो आता खोलीभर ऐकू येत होता, कुणा मोठ्या जनावराचा असावा तसा. तिला भीती वाटली. खोटं कशाला बोला, खूप भीती वाटली, क्षणभर तिला वाटलं की आई म्हणत होती तेच खरं आणि आता खातीपुऱ्याची ती उरलेली गोष्ट इथे पूर्ण होणार. बोट सतरावर गेलं. या वेळी कुणी नेलं नाही, ते खरंच तिथे होतं. आई उठली, अर्धी नाही, पूर्ण उठली, पर्स खाली पडली. डॉक्टर विजयालक्ष्मींनी स्क्रीनवरची नजर न काढता आईचं मनगट धरलं. स्वानंदीने आईकडे बघून मान हलवली. नाही. अजून आहे. आणि गंमत म्हणजे खरोखरच होतं, सतराच्या पलीकडे जमीन होती, खडबडीत, उन्हाची, जिथे तिच्या ओळखीचं कुणीच नव्हतं, आईसुद्धा नव्हती, आणि ती तिथे गेली. परीक्षितदादा काहीतरी म्हणत होता, चालू दे, चालू दे. एकोणीस. मग पेडल वर येईना. पाय तिने थांबवले नाहीत, ते थांबले.

मास्क निघाला तशी लाळेची एक तार लोंबली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. आई जवळ आली होती. आईने काही विचारलं नाही, तिच्या ओठांकडे पाहिलं, वाकून, हनुवटी धरून पाहिलं, आणि म्हणाली, "लाल आहेत." हे ती कुणालाच उद्देशून म्हणाली नव्हती. डॉक्टर विजयालक्ष्मी म्हणाल्या, "लालच असणार, ताई." स्वानंदीला बोलायचं होतं, पण शब्द तयार करायला लागते तेवढी हवासुद्धा आत उरली नव्हती. खरं थकलेल्या माणसाला थकले म्हणता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि ती सायकलच्या हँडलवर डोकं टेकून, खोकत, ठसकत, हसत राहिली.

दमसासाचा आकडा आला तो काही डोक्यावर घेऊन नाचण्यासारखा नव्हता. परीक्षितदादाने सांगून टाकलं, "तुझ्या वयाच्या मुलींपेक्षा कमी आहे. पण या वेळी तुझ्या रेघा भेटल्या, नुसत्या भेटल्या नाहीत, ओलांडून गेल्या. मतलब हा आकडा तुझा खराखुरा आहे." आईला त्यातलं 'कमी' ऐकू आलं, स्वानंदीला 'खराखुरा'. मग त्याने पुढचं समजावलं. आता सगळ्या मुलांचे दोन गट पडणार. एका गटाने बारा आठवडे इथे येऊन त्याच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा. दुसऱ्याने नेहमीसारखं राहायचं, नवीन काही सुरू करायचं नाही. मग दोघांना परत मोजायचं. कोण कुठे ते कॉम्प्युटर ठरवणार, त्यात त्याचा हात नाही. स्वानंदीने मान डोलावली, पण त्या वेळी तिच्या मांड्या अजून थरथरत होत्या आणि तिला खात्री होती, जशी सोळाव्या वर्षी असते, की कॉम्प्युटरलाही हे सगळं दिसलं असणार.

शनिवारी दोघी परत गेल्या. परीक्षितदादा टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवत होता, त्यावरूनच तिला कळलं.

"तू दुसऱ्या गटात आहेस," तो म्हणाला.

आईने श्वास सोडला. इतका लांब, इतका मनापासून, की त्याला कुठली नळी जोडली असती तर मशीनने नोंद घेतली असती. "म्हणजे नेहमीसारखंच राहायचं ना? बघ, सोपंच आहे की."

नेहमीसारखं. स्वानंदी त्या शब्दाकडे बघत राहिली. परीक्षितदादासाठी तो एक साधा, स्वच्छ शब्द होता, त्याच्या शास्त्रातला. त्याला काय माहीत की तिचं नेहमीचं म्हणजे काय, की त्यात किती जणांनी जागा करून दिलेली असते, किती वेळा मेट्रोत कुणाला तरी उठवलेलं असतं. बारा आठवडे. शास्त्रासाठी. आणि बारा आठवडे झाल्यावर ते सुटेल असं थोडंच आहे, ते पुन्हा अंगाला लागेल, चांगलं घट्ट, आता तर त्याला विद्यापीठाचा आधार.

"मी नाही राहणार," ती म्हणाली.

"काय?"

"नेहमीसारखी. मी नाही राहणार दादा."

"स्वानंदी, ऐक तर. माझ्याकडे आधीच मुलं कमी आहेत. आणि दुसरा गट म्हणजे फुकटचा गट नाही. तुझ्यासारखी कुणी नेहमीसारखी राहिलीच नाही तर बाकीच्यांना व्यायामानेच फरक पडला हे मी कशावरून म्हणू? अभ्यास संपला की तुलाही शिकवणारच आहे मी सगळं."

ते बरोबर होतं. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तो चांगला माणूस होता, म्हणून तर तिला जास्त त्रास झाला. "मी हो म्हणाले आणि गुपचूप पळाले तर?"

"तर माझा आकडा खोटा होईल."

"मग माझं नाव काढ. खोटं बोट मी एकदा ठेवलंय. परत नाही ठेवणार."

"स्वानंदी, असं नसतं," आई म्हणाली. "दादाचं काम आहे, त्यांनी एवढा वेळ दिलाय. सही मी केलेली आहे."

"तू केलीस. पण मलापण विचारलं होतं त्यांनी, वेगळं. तेव्हा सांगितलं होतं, नको वाटलं तर कधीही सांग." आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला आणि तिने तो कमी केला नाही. ती कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरांकडे वळली. "मॅडम, मला पळायला मनाई आहे का?"

डॉक्टर विजयालक्ष्मींनी चष्मा काढला. "नाही."

"पण डॉक्टर..." आई म्हणाली.

"मनाई नाहीये, मंजुषाताई. तिची चाचणी तुमच्यासमोर झाली. एकदम जास्त नको, हळूहळू वाढव गं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं, आणि वरचेवर येऊन मला दाखवायचं." मग परीक्षितदादाकडे बघून त्या म्हणाल्या, "चल, काढ नाव. मिळेल दुसरं कुणीतरी." तो पेन ठेवून हसायला बघत होता, ते त्याला नीट जमलं नाही. "सॉरी दादा," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

बाहेर मार्चचं ऊन चांगलंच चढलं होतं. गेटपासून मेट्रोच्या रस्त्यापर्यंत लांब फुटपाथ, एका बाजूला विद्यापीठाची भिंत, दुसऱ्या बाजूला ई-रिक्षा, मध्ये उसाच्या रसाचा एक गाडा. आई तिच्या शेजारून चालत काहीतरी सांगत होती, घरी गेल्यावर बाबांशी बोलू, मे महिन्यानंतर बघू, उन्हाळा तरी जाऊ दे. आवाज प्रेमळ होता. नेहमीसारखा होता. स्वानंदीने बॅगेचे दोन्ही पट्टे खांद्यावर घट्ट केले. मग तिची चाल जरा वाढली, आणि आणखी जरा, आणि मग एका पावलानंतर दुसरं पाऊल यायच्या आधी ती क्षणभर जमिनीवर नव्हतीच. पळणं म्हणजे एवढंच असतं तर. तिला काही ते छान येत नव्हतं, हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं, बॅग पाठीवर धपाधप आपटत होती, रसवाल्याने गिलास धुता धुता तिच्याकडे पाहिलं, एका ई-रिक्षावाल्याला वाटलं तिची मेट्रो चुकतेय आणि तो "आओ बेटा, बैठो" म्हणाला. मागून आईची हाक आली. मग दुसरी. मग हाका थांबल्या आणि चपलांचा आवाज यायला लागला, फटफट, जड, मध्येच अडखळणारा, पण येणारा. आई पळत होती की नुसती भरभर चालत होती, ते बघायला स्वानंदीला मान वळवावी लागली असती, आणि मान वळवली की वेग कमी होतो, एवढं तिला या दहा-वीस ढांगांत कळून चुकलं होतं. तिने मान वळवली नाही.